गणिताला गैरहजर

मी चौथी दोनदा केली. हे सांगितलं की आमच्या शाळेतले तरुण मास्तर आधी हसतात, आणि मी हसत नाही हे पाहून मग गप्प होतात. मुख्याध्यापिका आणि चौथी नापास! हसू द्या बापड्यांना. माझ्या नोकरीची आता दोन-तीन वर्षं उरलीत, आणि आजवर किती पोरांच्या निकालपत्रकांवर सह्या ठोकल्या त्याला गणती नाही. पण माझ्या स्वतःच्या निकालपत्रकाची गोष्ट मी कधी कुणाला धड सांगितली नाही. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मागच्या साली मायही गेली. ज्यानं लपवलं ते माणूस उरलं नाही आणि ज्याच्यापासून लपवलं तेही नाही, तेव्हा आता लिहून काढायला हरकत नाही.

आमचा टोला तीस-चाळीस घरांचा. अर्धी घरं गोंडांची, आठ-दहा आमची बौद्धांची, बाकीची कुणब्यांची आणि ढिवरांची. एसटी ज्या मोठ्या गावाला सोडायची तिथून दोन कोस आत, जंगलात. कवेलूंची, म्हणजे कौलांची, एक खोली हीच शाळा, आणि पहिली ते चौथी मिळून एकच गुरुजी. ते ब्रह्मपुरीकडचे होते. शाळेला लागून कुडाची एक खोली होती, तिथंच राहायचे, स्वतःच्या हातानं भात रांधायचे आणि तो रोज करपवायचे. त्यांचं अक्षर मात्र असं की बघत राहावं. त्यांच्या खिशात एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल असायची. पास झालेल्या विषयाखाली निळी रेघ, नापासाखाली लाल. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच चंद्रपुरापासून वेगळा झाला होता, पण निकालपत्रकाचे छापील कागद जुनेच येत. गुरुजी प्रत्येक कागदावर ‘चंद्रपूर’ खोडून वर ‘गडचिरोली’ लिहीत बसायचे. खाडाखोड नसलेलं निकालपत्रक आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

मार्क म्हणजे काय, हे आमच्या टोल्यात फार कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची गरजही नव्हती. पोरगं पास झालं की नाही एवढाच प्रश्न. आणि त्याचं उत्तर पेपरावरच ठरत असे असं नाही. शाळा चौथीपर्यंतची, पाचवीला मोठ्या गावाला जायचं. वाट सगळी सागवान-बांबूच्या जंगलातली, मध्ये एक नाला, आणि नाला ओलांडला की लाकडाचा डेपो, जिथं ट्रक भरायला परमुलखातली माणसं येऊन राहायची. या वाटेनं एकटं लेकरू कोण धाडेल? म्हणून लोक गुरुजींकडे यायचे, खोलीच्या दारात उकिडवं बसायचे आणि म्हणायचे, “गुरुजी, ह्या सालात पोट्ट्याले ठेवा. त्याच्या काकाचा पोरगा तिसरीत आहे, मंग दोघं संगं जातीन.” गुरुजी थोडे कुरकुरायचे आणि ठेवायचे. सोबतीसाठी ठेवला म्हणत त्याला. त्यात कुणाला लाज नव्हती. अर्ध्या टोल्यानं चौथी दोनदा केलेली, एकानं तर तीनदा, कारण त्याचा सोबती दरवर्षी खरोखरचाच नापास व्हायचा. गुरुजींचं कामही सोपं असे. ठेवायच्या पोराचे पेपर बहुतेक ठेवण्यासारखेच असायचे, तीस-बत्तीस मार्कांचे. दोन मार्क इकडे-तिकडे केले की झालं.

माझी भानगड अशी की माझे पेपर चांगले असायचे. उगाच मोठेपणा सांगत नाही. इतर पोरं गुरं सांभाळायची, मासे धरायची, झाडावर चढायची. मला यातलं काही जमत नव्हतं, म्हणून मी पुस्तक घेऊन बसायची. बाबांना त्याचं कोण कौतुक! ते जंगलखात्याच्या कुपावर लाकूडतोडीला जायचे, सही करण्यापुरतं शिकले होते. संध्याकाळी आमच्या घरी वंदना व्हायची. बाबा पुढे, त्यांच्यामागे मी, आणि माय कडेवर बाळाला घेऊन. पाच शीलं म्हणून झाली की बाबा मला म्हणायचे, “आता उजळणी म्हण.” तीही जणू वंदनेचाच भाग. आलागेला कुणी बसला असला की त्याला म्हणायचे, “सुमी आमची शाळेची बाई होईन.” माय यावर काही बोलायची नाही. ती तेव्हा नवा भाऊ झाल्यापासून नेहमी दमलेलीच असायची. बाळ हिवाळ्यात झालं होतं, अंगावर पीत होतं, आणि रडायचं असं की गोठ्यातली गाय हंबरायची.

चौथीची परीक्षा आली ती मोहफुलांच्या दिवसांत. आमच्याकडे परीक्षा नेहमी मोहातच येते, सरकारला हे अजून कळलेलं नाही. मोहाची फुलं पहाटेपासून गळतात. ऊन चढलं की संपलं. म्हणून घरातलं झाडून सगळं माणूस अंधार फिटायच्या आत झाडाखाली. अंगणात फुलं वाळत घातलेली, घराला सगळीकडून तो गोड, जड वास, अंगाला, केसांना, दप्तरालाही. सकाळी पेज आणि भाजलेली सुकी मासोळी खाऊन मी शाळेत जायची तेव्हा माझी बोटं एकमेकांना चिकटत असत. गणिताच्या पेपराच्या दिवशीही मी मायसोबत झाडाखाली गेले होते. एक टोपली भरून झाल्यावर मायच म्हणाली, “जा व आता, घंटा होईन.” मी धावत गेले. पेपराला एक गणित आगगाडीचं होतं, इतके किलोमीटर, इतके तास. आमच्यात कुणीही आगगाडी पाहिली नव्हती. पांडू नावाचा पोरगा उभा राहून विचारू लागला, “गुरुजी, हे एसटीपेक्षा जोरात पळते का?” गुरुजी म्हणाले, “पळते. बस खाली.” मी सगळी गणितं सोडवली. कागदाला माझ्या बोटांचे चिकट डाग पडले होते, ते मी फ्रॉकनं पुसायला गेले तर आणखीच पसरले. हे सगळं मी इतकं बारीक सांगते त्याला कारण आहे.

निकाल एक मेला. झेंडा झाला, गूळ-शेंगदाणे वाटून झाले, आणि गुरुजी खुर्चीवर बसून एकेक वर्ग वाचू लागले. पहिलीतले सगळे पास. दुसरीतले तीन पास, एक वर चढवला. तिसरीत जैनी पास. जैनी आमच्या शेजारची, गोंडांची, माझी मैत्रीण. तिचं नाव आलं की ती नेहमी लाजून माझ्या पाठीमागे लपायची, तशीच आताही लपली. मग चौथी. आम्ही तिघंच होतो, पांडू, किसना आणि मी. पांडू पास, किसना पास. ते दोघंही पुढे शिकणार नव्हते, गुरं वळायला जाणार होते, त्यामुळे त्यांना पास करण्यात कुणाची हरकत नव्हती. माझं नाव गुरुजींनी वाचलंच नाही. कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि कुलूप शोधायला लागले.

घडी उघडली. भाषेखाली निळी रेघ, इतिहास-भूगोलाखाली निळी, विज्ञानाखाली निळी. मार्क फक्त काठावरचे, पस्तीस, छत्तीस, पस्तीस. आणि गणितापुढे आकडाच नाही. तिथं लिहिलं होतं ‘गै. ह.’ आणि खाली लाल रेघ. तळाशी ‘अनुत्तीर्ण’.

मी गुरुजींच्या मागे गेले. म्हटलं, “गुरुजी, गैरहजर कशी? मी होती. पांडूले विचारा.” गुरुजी सायकलला वळकटी बांधत होते, सुट्टीला गावी निघाले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “सुट्टी झाल्यावर पाहू, सुमन.” एरवी ते मला सुमे म्हणायचे. सायकलवर बसले आणि निघून गेले. मी मागे काही अंतर धावले, मग थांबले. पांडूला विचारलं तर तो म्हणाला, “मले काय ठाऊक, मी त माझ्याच पेपरात पाहून राह्यलो होतो.” आयुष्यात एकदाच त्यानं स्वतःच्या पेपरात पाहिलं, ते नेमकं त्याच दिवशी!

घरी आले तर सगळे अंगणात तेंदूची पानं जुळवत बसलेले. तेंदूचा हंगाम नुकताच लागला होता, सकाळी तोडून आणायची आणि दुपारी पुडे बांधायचे. बाबांनी हात पुढे केला, कागद उलटासुलटा पाहिला, लाल रेघ त्यांना कळली.

“नापास? कोण म्हणते?”

“कागद म्हणते. गणिताला गैरहजर लिहिलं आहे. मी होती, बाबा! सगळा पेपर सोडवला मी.”

बाबा मायकडे वळले. “सुमीच्या माय, त्या दिवशी पोट्टी शाळेत गेली होती का नाई?”

माय पुडा बांधत होती. तिनं दोरी दातात धरून गाठ ओढली, पुडा बाजूला ठेवला, दुसरा घेतला. मग म्हणाली, “नाई गेली. माझ्यासंगं मोहाखाली होती. उशीर झाला, मंग मीच म्हटलं, राहू दे आता.”

मला आधी कळेचना. मग मी किंचाळले, “खोटं! माय खोटं बोलून राह्यली!” आणि बाबांनी मला थापड मारली. त्यांनी मला मारलेली ती पहिली आणि शेवटची. मारून ते मायवर उलटले, “मोहफुलासाठी परीक्षा बुडवली? चार टोपल्या फुलासाठी? अवो, काही डोकं आहे का तुले?” बरंच काही बोलले. माय खाली मान घालून पुडे बांधत राहिली. त्यानंतर आठ दिवस बाबा तिच्याशी बोलले नाहीत. जेवताना ताट पुढे सरकवायचे, तेवढंच. माझ्याशीही धड बोलत नव्हते, कारण त्यांच्या लेखी मी परीक्षा बुडवलेली आणि वर मायला खोटं पाडणारी पोरगी होते. चोराच्या उलट्या बोंबा असंच त्यांना वाटलं असणार. मला तर समजेना की माझं चुकलं काय. कधीकधी मला स्वतःलाच शंका यायची की मी खरंच गेले होते ना? मग आगगाडीचं गणित आठवायचं.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मला लगेच कळलं असतं. टोल्यातलं शेंबडं पोर सांगेल की हे सोबतीचं प्रकरण आहे. पण स्वतःच्या बाबतीत अक्कल चालत नाही. आणि इतरांना ठेवायचे ते राजरोस, सगळ्यांना सांगून. माझ्यासारखं चोरून कुणाला ठेवलं नव्हतं, त्यामुळे तो विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मी मायशी अबोला धरला. तो उन्हाळा कसा गेला ते मला ठाऊक. ती अंबाडीच्या भाजीत जवसाचं तेल जास्त घालून माझ्या ताटात वाढायची, मला आवडतं म्हणून, आणि मी ती भाजी मुद्दाम बाबांच्या ताटात टाकायची. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच वाढायची. आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली होती, पण मी तिचा विचार केला नाही. संध्याकाळच्या वंदनेला माय बसेनाशी झाली. रोज काहीतरी निमित्त, भात उतू जातो, बाळ झोपत नाही. खोटं न बोलण्याचं शील चौथं. आम्ही ते म्हणत असायचो तेव्हा ती चुलीपाशी फुंकणी घेऊन बसलेली असायची.

शाळा उघडल्यावर बाबा मला घेऊन गुरुजींकडे गेले. टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, “चुकलं आमचं, गुरुजी. मोहफुलापायी पोरीचं साल गेलं.” गुरुजींचा चेहरा असा झाला की काय सांगू. करपलेला भात रोज खाणारा माणूस, पण तसं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, “बसू द्या वर्षभर. पाया पक्का होईल.” पाया! मला इतका राग आला की मी मागच्या भिंतीला तोंड करून बसले.

पण त्या वर्षी गुरुजींनी मला चौथी शिकवलीच नाही. कुठूनतरी पाचवीची पुस्तकं आणून दिली. दुपारी बाकीची पोरं पाढे घोकत असताना मला अपूर्णांक शिकवायचे. पहिलीची पोरं माझ्यावर सोपवायचे, “सुमे, ह्यांना बाराखडी पाहा.” मी छडी घेऊन उभी राहायची आणि पहिलीची पोरं मला बाई म्हणायची. मला ते आवडत होतं हे कबूल करते, पण मी गुरुजींना तसं दिसू दिलं नाही. जैनी आता माझ्याच वर्गात होती. तिला गणित काही केल्या जमत नसे. पण पावसाळ्यात सात्या, म्हणजे आळंब्या, कुठल्या वारुळावर उगवतील हे ती झोपेतही सांगायची. त्याला निकालपत्रकात रकाना नव्हता. वर्षाच्या शेवटी मी पहिली आले आणि जैनीही पास झाली. गुरुजींनी तिला कसं पास केलं ते त्यांनाच ठाऊक.

परवा माझ्या नातीचा निकाल आला. मोबाइलवर. मी सुनेला विचारलं, “पहिला नंबर की दुसरा?” ती म्हणाली, “आई, आता नंबर नसतात. श्रेणी असते. अ-एक.” मी म्हटलं, बरं. सगळ्यांनाच अ-एक असते असं पुढे कळलं. मी काही बोलले नाही, कारण आमच्या शाळेतही आम्ही तेच करतो.

तर जैनी आणि मी, आम्ही दोघी पाचवीला मोठ्या गावाला जाऊ लागलो. पहिले दीड-दोन महिने मजेचे गेले. जैनी पुढे, मी मागे. ती चालता चालता जांभळं तोडायची, नाल्यात हात घालून खेकडे धरायची, आणि शाळेत पोचेपर्यंत तिच्या पाटीच्या पिशवीत काहीही वळवळत असायचं. डेपोपाशी ट्रकवाले काही बोलले तर ती गोंडीतून काहीतरी उत्तर द्यायची, ते त्यांना कळायचं नाही पण आवाज कळायचा. मग पोळ्याच्या सुमारास तिच्या मामाकडून निरोप आला. मामीला जुळं झालं होतं, लेकरं सांभाळायला कुणी नव्हतं. जैनीला धाडून दिली. ती रडलीही नाही. मला म्हणाली, “तिकडं नदी मोठी आहे.” जिच्यासाठी मला एक वर्ष मागे ठेवलं होतं ती सोबत दोन महिन्यांत संपली. अर्थात तेव्हा मला हे असं मांडता येत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की माझी शाळा सुटणार.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, “जाईन एकटी. भ्याचं काय आहे?” माय म्हणाली, “मी जातो तिच्यासंगं.” आमच्याकडे बायाही कधीकधी जातो म्हणतात. बाबांनी विचारलं, “अन् लेकरू?” “जैनीची माय पाह्यते म्हणाली. आता पेज खाते तो.” हे तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माय माझ्यासोबत दोन कोस चालू लागली. मोठ्या गावात तिला निंदणाचं काम मिळायचं, ते नसेल त्या दिवशी शाळेच्या कुडाबाहेर चिंचेखाली बसून राहायची, आणि शाळा सुटली की मला घेऊन परत. मला त्याचीही लाज वाटायची. वर्गातली पोरं म्हणायची, “तुझी माय बी पाचवीत आहे का?” मी तिच्या पुढे वीस पावलं चालायची, बोलायची नाही. ती मागून यायची, हातात काठी. असे बरेच दिवस गेले.

एके दिवशी सकाळी नाल्याला पाणी जास्त होतं. आम्ही काठावर उतार पडायची वाट बघत थांबलो. मला उशीर होत होता आणि त्या दिवशी चाचणी होती, गणिताची. मी चिडून म्हटलं, “आजबी गैरहजर लिहितीन. तुले काय, तू सांगशीन मोहाखाली होती म्हणून.”

माय पाण्याकडे बघत होती. म्हणाली, “तू नापास नव्हतीस, सुमे.”

मी वळून पाहिलं.

“मीच सांगतलं होतं गुरुजीले. ठेवा म्हटलं. जैनी चौथीतून निघे तवर ठेवा.”

“काऊन?”

“तुले एकटी कशी धाडू व ह्या वाटेनं? लोकायले मी अस्वलाचं सांगो. अस्वलाचं नोहे काही. अस्वल सरळ अंगावर येते, दिसते त तरी.” तिनं नाल्यापलीकडे डेपोच्या बाजूला नुसतं पाहिलं. “अन् मले येता येत नव्हतं. लेकरू अंगावर होतं.”

“मंग बाबाले काऊन नाई सांगतलंस?”

“त्यानं धाडलंच असतं तुले. पोरीनं भ्याचं नाई म्हणते तो. खरं आहे त्याचं. पण मले भेव लागे.” मग म्हणाली, “सांगशीन त सांग त्याले. मी नाई म्हणत नाई.”

मी रडले. रागानंच रडले. तिला वाटेल तसं बोलले, ते इथं लिहीत नाही. खोटारडी म्हटलं, हे मात्र लिहिते. थापड मला बसली, वर्ष माझं गेलं, उन्हाळाभर खोटी मी ठरले! माझा तो राग अजून पूर्ण गेलेला नाही, आणि तिचं भेव चुकीचं होतं असंही मला म्हणता येत नाही. माझ्याकडे अशी एखादी माय आली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही. बाबांना मी कधीच सांगितलं नाही.

पाणी उतरलं. तिनं लुगडं वर खोचलं, आम्ही पलीकडे गेलो. डेपो मागे पडल्यावर मी विचारलं, “माझा पेपर कुठी आहे?”

“गुरुजीनं चुलीत घातला. माझ्यासमोर. ते पह्यले नाईच म्हणत. पोट्टीचा पेपर असा आहे, ह्याले तीस मार्क कसे देऊ, साहेबानं तपासणीत पाह्यला त नोकरी जाईन. मंग म्हणे, पेपरच नाई असं दाखवा लागन. बाकीच्या विषयाचे पेपरबी बदलवले, मार्क काठावर आणले, नाई त साहेबानं वर चढवलं असतं. खरे सगळे जाळले त्यायनं. पण घालायच्या पह्यले मी म्हटलं, थांबा गुरुजी. खरे किती पडले ते मले सांगा.”

“मंग?”

माय चालता चालता सांगू लागली. तिला शंभरापर्यंत आकडे येत नव्हते, ती विसांनी मोजायची, वीस-वीसचे ढीग करून. “भाषेत चार विसा अन् चार. इतिहास-भूगोलात तीन विसा अन् अकरा. विज्ञानात तीन विसा अन् अठरा. गणितात चार विसा अन् सोळा.” एका दमात म्हणाली, मध्ये कुठं अडखळली नाही. दीड वर्ष तिनं ते असंच मनात म्हणत ठेवलेलं असणार, मला एक दिवस द्यायचे म्हणून. मी मनातल्या मनात विसांचे आकडे केले. चौऱ्याऐंशी. एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. शहाण्णव.

“शहाण्णव?” मी म्हटलं. “मंग चार कुठी गेले?”

“तेबी इचारलं मी,” माय म्हणाली. “गुरुजी म्हणे, एका गणितात पोट्टीनं हातचा घेतला नाई.” आणि थोडं पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, “हातचा म्हणजे काय व, सुमे?”

मी तिच्या बरोबरीनं चालू लागले आणि शाळा येईपर्यंत तिला हातचा समजावून सांगितला.